खाऱ्या टाकीतलं शेवाळ : बाटली आणण्याआधी ओळख पटवा

कोल्हापूरकराला शेवाळाचं अप्रूप नाही. रंकाळ्याचं पाणी हिरवं पडलेलं, पंचगंगेत केंदाळ अडकलेलं आपण लहानपणापासून बघतोय. कारणही तोंडपाठ आहे : सांडपाणी आलं की शेवाळ माजतं. त्यामुळे घरातल्या खाऱ्या टाकीच्या, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायच्या काचेच्या टाकीच्या, वाळूवर पहिला तपकिरी डाग दिसला की डोकं त्याच वाटेनं पळतं. पाणी घाण झालंय, धुऊन काढा.

मीही तेच केलं. केसासारखं हिरवं शेवाळ आलं म्हणून एका दुकानदाराच्या सांगण्यावरून फॉस्फेट शोषणारी बाटली आणली आणि सांगितल्यापेक्षा दुप्पट ओतली. तीन आठवड्यांत हिरवं गेलं. टाकी इतकी चकाचक झाली की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. दोन महिन्यांनी वाळूवर शेंबडासारखे तपकिरी धागे आले, प्रत्येकाच्या टोकाला बुडबुडा, आणि आठवड्याभरात सगळ्या गोगलगायी उलट्या पडल्या. मी आणखी पाणी बदललं, धागे आणखी वाढले.

रंकाळ्याचं गणित खाऱ्या टाकीला अर्धंच लागू पडतं. काही शेवाळं खत जास्त झाल्यानं येतात, काही खत संपल्यानं. एकीचा इलाज म्हणजे दुसरीला आमंत्रण. म्हणून आधी नाव, मग औषध.

खालचे आकडे माझ्या चार फुटी टाकीचे आहेत. काचेच्या मापानं ती २०० लिटरची, पण दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण १७० लिटर. तुम्हीही निव्वळ पाणी मोजा. औषधाचा डोस पाण्याला असतो, काचेला नाही.

पहिले तीन दिवस फक्त बघा

लागणारं सामान घरातच आहे : पांढरी वाटी, मोठी सिरिंज, जुना टूथब्रश, फिल्टर कॉफीचा कागद, झाकणाची पारदर्शक बाटली. मुलांच्या प्रयोगवहीबरोबरचा सूक्ष्मदर्शक असेल तर सोन्याहून पिवळं. ४०० पट दाखवणारा असावा, भारीतला नको.

चार गोष्टी लिहून ठेवा. एक, चिमटीत धरून ओढलं तर काय होतं : पापुद्रा सुटतो, धागा तुटतो, की नुसती धूळ उडते. दोन, सकाळी दिवे लागण्याआधी आणि संध्याकाळी त्याच जागेचा फोटो. तीन, ते कुठे आहे : काचेवर, वाळूवर, दगडावर की पंपाच्या तोंडाशी. चार, टाकी किती महिन्यांची आहे. या चार उत्तरांतच बहुतेक निदान होतं.

कोण कोण असू शकतं

नवी टाकी, दोन ते सहा आठवड्यांची, आणि वाळूवर-काचेवर कोको पावडर भुरभुरावी तशी तपकिरी धूळ, बोट फिरवलं की पुसली जाते : डायटम. पाण्यातली सिलिका संपली की बहुधा आपोआप जातात. काच पुसा आणि गप बसा. टाकी वर्षाची असून पुन्हा डायटम आले तर मात्र तुमच्या आरओ पाण्याकडे बोट दाखवा. त्याबद्दल पुढे.

लालसर, जांभळट, कधी काळपट हिरवी मखमली चादर, खाली हवेचे बुडबुडे अडकलेले, सिरिंजनं फुंकर मारली की पापुद्राच्या पापुद्रा उठतो, हाताला कुबट वास : हे सायनोबॅक्टेरिया. नावात शेवाळ लावतात, पण हे प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. म्हणूनच शेवाळ खाणारे प्राणी याला सहसा तोंड लावत नाहीत. पाणी जिथे थबकतं तिथे हे आधी बसतं.

हिरवे केस दोन प्रकारचे. मऊ, सरळ, ओढले की सहज तुटणारे ते साधे. पण पाण्यात हलताना प्रत्येक धागा पिसासारखा, बारीक नेच्यासारखा फांद्या फुटलेला दिसला तर ते ब्रायोप्सिस. ते पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन भिंगाखाली बघायचं. फरक महत्त्वाचा, कारण ब्रायोप्सिस टाकीतले बहुतेक प्राणी खात नाहीत आणि फक्त खत कमी करून ते जात नाही.

हिरवे चकचकीत मणी, मोहरीपासून द्राक्षापर्यंत आकाराचे, म्हणजे व्हॅलोनिया. गंमत अशी की द्राक्षाएवढा तो अख्खा मणी म्हणजे एकच पेशी.

जांभळी-गुलाबी, दगडाला चिकटलेली, नखानं न निघणारी कडक खपली दिसली तर पेढे वाटा. ती कोरलाइन, म्हणजे चांगलं शेवाळ, टाकी स्थिरावल्याची खूण. माझ्या एका मित्रानं ती दोन रविवार घासून काढली होती. त्याला अजून चिडवतो.

उरले डायनोफ्लॅजेलेट, माझे जुने वैरी. शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला बुडबुडे, सकाळी वाळू बरीच स्वच्छ आणि दुपारी पुन्हा घाण. गोगलगायी मरायला लागल्या तर संशय पक्का धरा. खात्रीसाठी बाटलीची परीक्षा : सिरिंजनं थोडं टाकीच्याच पाण्यासह ओढून बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या कागदातून गाळा. गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा धागे, गोळे जमले तर डायनो. सायनो आणि केस कागदावरच राहतात, तासाभरात पाण्यात पुन्हा जमून येत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली डायटम काचेच्या होडीसारखे कडक आणि जवळजवळ स्थिर दिसतात, डायनो जिवंत पळतात. थेंबाच्या आकाराचे, एका टोकाला बांधल्यासारखे जागेवर गरगर फिरणारे ते ऑस्ट्रिऑप्सिस. अंडाकृती, वाळूत सरपटणारे ते अ‍ॅम्फिडिनियम. दोघांचा इलाज वेगळा, म्हणून ही मेहनत फुकट जात नाही.

पाणी मोजा, पण आकड्यावर लगेच भुलू नका

शेवाळाची मुख्य खतं दोन, नायट्रेट आणि फॉस्फेट. त्यांचे दोन टेस्ट किट हवेतच. मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राखतो. हॅना कंपनीचा छोटा फॉस्फरस मीटर असेल तर तो फॉस्फरस पीपीबीत, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात, दाखवतो. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजारानं भागा, फॉस्फेट पीपीएममध्ये मिळेल. म्हणजे मीटरवर १० आलं तर ०.०३.

आता सापळा. दगडांवर हिरवं जंगल उभं आहे आणि किट शून्य दाखवतंय, असं खूपदा होतं. खत नाही असा त्याचा अर्थ नाही. जेवढं येतंय तेवढं शेवाळच गिळतंय. उसाच्या फडातली तणं काढायच्या आधी मातीचा नमुना घेतल्यासारखं ते आहे. म्हणून केसाळ शेवाळ भरपूर असेल तर शून्याला शून्य समजू नका. उलट दगड स्वच्छ, वाळूवर शेंबूड आणि किट शून्य, तर ते शून्य खरं माना.

पाणी कुठून येतं

नळाला पंचगंगेचं येवो की काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं, ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी आहे, खाऱ्या टाकीसाठी नाही. बोअरचं तर नावच नको. घरचा आरओ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणारा मीटर, लावला तर ५२ आला. मिसळण्याच्या आधी, थेट मेम्ब्रेनमधून निघणारी नळी वेगळी काढून घ्या, तिच्यापुढे उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनचं नळकांडं लावा. मीटरवर ० आला पाहिजे. मीटर १ दाखवू लागला की रेझिन बदलायला घ्या. रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी निसटणाऱ्यांत सिलिका असते, आणि ती टीडीएस मीटरला जवळजवळ दिसत नाही. जुन्या टाकीत अचानक डायटम का आले, याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

हे पाणी मीठ कालवायलाही आणि बाष्पीभवन झालेली तूट भरायलाही. तूट भरायला नळाचं पाणी वापरणारे पुष्कळ आहेत. पाणी उडून जातं, त्यातलं सगळं मागे राहतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला दोन-तीन लिटर उडतं, तेव्हा महिन्याभरात काय साचतं बघा.

आपल्याकडे घाट उतरला की समुद्र, त्यामुळे देवगड-मालवणहून कॅन भरून पाणी आणायचा मोह होतो. पावसाळ्यात तर अजिबात नको. नद्यांचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्यालाच मिसळतं, खारटपणा घसरतो, शेतांचं खतही सोबत येतं. आणि किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीत. 'पडलेलाच होता' ही सबब चालत नाही. कोरडा दगड घ्या आणि आरओ पाण्यात भिजवून आठवड्यानं त्या पाण्याचं फॉस्फेट मोजा. आधीच्या टाकीत दगडानं शोषलेलं फॉस्फेट महिनोन्‌महिने बाहेर येत राहतं.

हातानं काढणं

कंटाळवाणं आहे, पण याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट. शेवाळ म्हणजे बांधून ठेवलेलं खत. ते टाकीतच मेलं तर खत पुन्हा मोकळं होतं. म्हणून आधी पंप बंद करा. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात बारीक नळी, तिचं दुसरं टोक बादलीत. ब्रशनं सोडवा आणि तिथल्या तिथे ओढून घ्या. नळी शेवाळाच्या नाकाला लावूनच. बादलीच्या तोंडावर दाट फडकं बांधलं तर पाणी गाळून परत घेता येतं. हलणारा दगड बाहेर काढून, टाकीच्या पाण्याच्या बादलीत घासा.

जास्त केस असलेल्या दगडावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण दगड बाहेर काढून, प्राणी नसलेल्या भागावरच. औषधाच्या दुकानात '२० व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली मिळते, ती ६ टक्क्यांची. तेवढंच आरओ पाणी मिसळून ३ टक्के करा, ब्रशनं लावा, दोन-तीन मिनिटं फेस येऊ द्या, खाऱ्या पाण्यात खंगाळून परत ठेवा. दोन-चार दिवसांत केस पांढरे पडतात.

व्हॅलोनियाचे मणी फोडू नका. मुळाशी नख किंवा बोथट चिमटा घालून अख्खा काढा, बाजूला नळी धरून.

एक धोक्याची सूचना, ही चेष्टेची नाही. शेवाळ मरावं म्हणून दगड उकळू नका. दगडावर झोअँथिड, म्हणजे बटणांसारखे मऊ प्रवाळ, असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर घरभर पसरतं आणि अख्खं कुटुंब दवाखान्यात जाऊ शकतं. ऑस्ट्रिऑप्सिसमध्येही याच जातीची विषं असतात. घासताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा.

आवक कमी करा

पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची आपली सवय माशांनाही लागू होते. गणपतीत घरी येणारं प्रत्येक पोर चिमूटभर टाकून जातं. नियम एकच : दोन मिनिटांत संपेल तेवढंच. गोठवलेलं खाद्य गाळणीत घेऊन आरओ पाण्यानं धुवा. सम्पमधला, म्हणजे खालच्या गाळणीच्या टाकीतला, कापडी मोजा तीन-चार दिवसांनी बदला. तो भरून तसाच राहिला तर तिथेच सडतो. फेसाबरोबर घाण काढणाऱ्या स्किमरची मान आठवड्याला पुसा, वंगण धरलं की फेस चढत नाही.

पाणी बदलण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी साधा हिशेब : नायट्रेट ४० असताना १० टक्के पाणी बदललं तर ३६ होतं. अर्धं करायला अर्धं पाणी बदलावं लागेल. त्यामुळे खाद्य, कापडी मोजा, स्किमर आधी, पाणी बदल नंतर.

फॉस्फेट ०.३ च्या वर असेल तर लोहाच्या गोळ्यांचं माध्यम, म्हणजे जीएफओ, वापरा. पण सांगितलेल्या प्रमाणाच्या पावपटीनं सुरुवात करा, दर चार दिवसांनी मोजा आणि ०.१ जवळ आल्यावर काढून ठेवा. माझी दुप्पट बाटली आठवा.

प्रवाहाचं सोपं आहे. सायनो जिथे बसतं तिथे वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या पंपाचं, तोंड वळवा. वाळूचा खड्डा पडणार नाही इतपत.

दिवे सात-आठ तासांवर आणा, पांढरे आणि लाल चॅनेल खाली, निळा तसाच. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर पडदा. जमत असेल तर सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा हे तारेच्या चोथ्यासारखं शेवाळ वाढवा, त्याचा दिवा रात्री लावा. टाकीतल्या शेवाळाचं खत तेच खाऊन टाकतं, तुम्ही दर महिन्याला मूठभर काढून फेकायचं. रात्रीच्या दिव्यानं पीएचही कमी घसरतो.

मदतीला प्राणी

ट्रोकस गोगलगाय माझी पहिली पसंती, कारण उलटली तर स्वतः सरळ होते. टर्बो खादाड आहे, पण सैल दगड ढकलून देते. १७० लिटरला आठ-दहा गोगलगायींनी सुरुवात करा, एकदम पन्नास नकोत, शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात आणि त्यांचंच खत होतं. लांब केस त्यांना खाता येत नाहीत. तुम्ही कापून आखूड करा, मग त्या राखतात. लॉनमोअर ब्लेनी काचेवरची साय खातो. टँग मासे उत्तम चरतात, पण चार फुटांपेक्षा लहान टाकीत ते ठेवणं क्रूरपणा. एमराल्ड खेकडा व्हॅलोनिया खातो, भूक लागली की इतरांनाही चिमटे काढतो. कुरिअरनं मागवणार असाल तर मे महिना टाळा, आणि डायनो असताना गोगलगायी मागवूच नका.

नावाप्रमाणे औषध

केसांना वरचं सगळं सहा ते आठ आठवडे केलं की पुरतं. पुढे फक्त हट्टी मंडळी.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल, माणसाच्या बुरशीवरची गोळी. ती चिठ्ठीवरची आहे, तेव्हा पशुवैद्यांना किंवा डॉक्टरांना नीट सांगून घ्या. प्रमाण लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम. माझ्या १७० लिटरला ९०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० च्या सहा गोळ्या. पूड करून टाकीच्या पाण्यात कालवून सम्पमध्ये ओता. आधी पाण्यातलं औषध-विष शोषणारा कार्बन आणि जीएफओ काढा, यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि स्किमर बंद, त्याबदल्यात हवेचा दगड, म्हणजे हवापंपाला जोडलेला बुडबुडे सोडणारा दगड, चालू. दोन ते तीन आठवडे पाणी बदलू नका. आठवड्या-दीड आठवड्यात ते फिकं पडून गळायला लागतं, तेव्हा रोज नळीनं काढत राहा. शेवटी मोठा पाणी बदल आणि कार्बन. डायनो आणि सायनोवर ही गोळी काही करत नाही, उगाच टाकू नका.

सायनोला प्रतिजैविकं टाकणारे आहेत. मी टाकत नाही. कचरा पचवणारे जिवाणूही त्याच टाकीत राहतात, आणि ते पाणी शेवटी गटारातून पंचगंगेलाच जातं. त्याऐवजी : चादर नळीनं ओढून काढा, प्रवाह वळवा, तीन दिवस टाकी जाड चादरीनं पूर्ण झाका, त्या काळात हवेचा दगड चालू ठेवा, खाद्य अगदी थोडं. चौथ्या दिवशी २० टक्के पाणी बदला. दोन वेळा करावं लागलं तर करा. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट भरपूर असेल तर सायनो चिवट राहतं, तेव्हा आकड्यांचा तोल आधी बघा.

आता डायनो. इथे सगळं उलटं. पाणी बदल थांबवा. जीएफओ काढा. स्किमर दिवसातून काही तास. खाद्य वाढवा, हो, वाढवा, म्हणजे फॉस्फेट वर येईल. नायट्रेट हवं असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम नायट्रेट : १७० लिटरला १.२ ग्रॅमनं नायट्रेट ५ पीपीएमनं वाढतं. ठिबकाच्या १३:०:४५ ची पिशवी शेतात पडलीच आहे म्हणून एका ओळखीच्यांनी ती वापरली. त्यात पोटॅशियम नायट्रेटच असतं, हे खरं, पण खताच्या पिशवीत आणखी काय असतं ते टाकीला विचारून येत नाही. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ असं सलग काही आठवडे टिकवा. विष शोषायला ताजा कार्बन चालू ठेवा.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतं, म्हणून त्याला यूव्ही दिवा मारतो. पाणी टाकीतून थेट यूव्हीत आणि परत टाकीत, सम्पमार्गे नको. मोठं अ‍ॅम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्याला यूव्ही व्यर्थ. तिथे उलट थोडी सिलिका देऊन डायटम वाढू देतात, ते जागा बळकावतात. पहिल्या महिन्यात ज्या डायटमना शिव्या घातल्या तेच कामी येतात. माझ्याकडे ऑस्ट्रिऑप्सिस निघालं. तीन दिवस अंधार, मग यूव्ही, आणि दोन्ही आकडे वर. पाचव्या आठवड्यात धागे दिसेनासे झाले आणि दगडावर थोडं हिरवं आलं. ते बघून आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

एवढं भिंतीवर लावा

सम्पच्या वर मी साखर कारखान्याची दिनदर्शिका टांगली आहे. रविवारी त्यावर तीन आकडे : नायट्रेट, फॉस्फेट, आरओचा टीडीएस. शेजारी एक शब्द, 'वीज गेली', 'पाहुणे', 'मोजा बदलला'. जुलैतल्या वादळात आठ तास वीज नव्हती, आणि अकरा दिवसांनी सायनो आलं. वाळूतले जीव मेले असणार, हे त्या दोन चौकटी शेजारी दिसल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून बॅटरीवरचा हवापंप तिथेच खिळ्याला आहे.

मागची काच मी आता घासत नाही. तिथली हिरवी साय ब्लेनीची आहे.